मागच्या खोलीची रेष

"ही रेष बघा," असं म्हणून मीटरमामाने पडद्यावर पट्टी टेकवली. "ही मागच्या खोलीची. शेजारी इमारत उठल्यापासून तिथे दिवसाही अंधार. म्हणून इथपर्यंत डोंगरच डोंगर. आणि इथून पुढे? सपाट! एकदम मैदान."

समोरच्या बाकांवरच्या बारा जणांनी माना डोलावल्या. कंपनीत नव्याने लागलेली ही मंडळी पुढच्या आठवड्यापासून घरोघर चिमटे बसवत हिंडणार होती. चिमटा म्हणजे बोटभर लांबीची वस्तू. फ्यूजच्या पेटीत खोलीखोलीच्या तारेला एकेक लावायचा. त्याला स्वतःची तार नाही. कुठल्या खोलीत किती वीज गेली ते तो हवेतूनच हॉलमधल्या डबीला सांगतो, डबी घरच्यांच्या फोनला सांगते, आणि कंपनीला तर घरच्यांच्याही आधी कळतं. पगार देऊन चुगलखोर पाळावा तसला हा प्रकार होता, पण साहेबांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती.

"घर कुणाचं, मामा?" साहेबांनी मागून विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं. दर तुकडीपुढे ते हाच प्रश्न विचारत.

"माझ्या थोरल्या भावाचं, साहेब. मागच्या खोलीत आमची आई राहते."

"आणि रेष सपाट का झाली?"

इथे मीटरमामाची छाती फुगायची. "कारण आई आता मागे एकटी बसत नाही. पुढे हॉलमध्ये बसते, माणसांत. दुपारी हॉलची रेष वर आहे बघा. पंखा, टीव्ही, सगळे एकत्र. यंत्र लागलं आणि घर एका खोलीत आलं!"

टाळ्या पडल्या. मीटरमामाने सदरा खाली ओढला. सदऱ्याचं तिसरं बटण जागेवरून चांगलं अर्धा बोट घसरलेलं होतं, त्यामुळे कॉलरची एक बाजू कानाला लागायला बघत होती. सकाळपासून दोघांनी त्यावरून त्याची थट्टा केली होती. आईने लावलेलं बटण आहे, हात थकले तिचे आता, असं त्याने दोघांनाही सांगितलं होतं.

सव्वीस वर्षं हा माणूस दारोदार मीटर वाचत फिरला होता. आकडा दोनदा मोठ्याने म्हणायचा आणि मगच वहीत लिहायचा, म्हणजे चूक होत नाही. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करत मागे धावायची. आकड्यावरून घर ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणी आजारी पडलंय, सगळं त्याला दारातच कळायचं. मग मीटर स्वतःच बोलायला लागले. निम्म्या लोकांना कंपनीने घरी बसवलं. याला ठेवलं, कारण याच्या तोंडाकडे बघून लोक दार उघडतात, असं साहेबांचं मत होतं. सव्वीस वर्षांच्या कामाचं हे सार ऐकून त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला बरंच वाटलं.

"मामा, एक विचारू?" पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी उठली. "रविवारी हॉलची रेषही दिवसभर खाली आहे. घरातले बाहेर जात असतील ना?"

"जातात. माझ्या वहिनीला फिरायची हौस आहे."

"आईंना नेतात?"

आई कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालू शकत नव्हती. "नेत असतील गाडीत घालून," मीटरमामा म्हणाला.

"चारही रविवार? कारण मागच्या खोलीत तेव्हाही काहीच लागलेलं नाही. दिवा नाही, पंखा नाही, रेडिओ नाही. खोलीत दिवसा अंधार असतो, असं तुम्हीच म्हणालात. मग त्या करतात काय तिथे?"

"पोरी, तू पोलिसात जायचीस ती चुकून इथे आलीस," मीटरमामा म्हणाला. सगळे हसले, साहेबही हसले आणि तास संपला.

पण दाताच्या फटीत काहीतरी अडकावं तसा तो प्रश्न अडकला. डबा खाताना त्याने फोन काढून रेषा पुन्हा पाहिल्या. पूर्वी तो दर आठवड्याला आईकडे जायचा. चिमटा लागल्यापासून गरज वाटेनाशी झाली. सकाळी आईच्या पिवळ्या बल्बची रेष वर आली की आई उठली, दुपारी रेडिओची बारीक उठली की जेवून आडवी झाली. रेष बघितली की आईला बघितल्यासारखंच वाटायचं. मग रेष सपाट झाली आणि त्याने स्वतःची समजूत काढली. हातातली कामं होतीच. बोटांवर मोजलं तर आईचं तोंड बघून तीन महिने झाले होते.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो बसमध्ये बसला.

"या या भावजी! आज वाट चुकलात की काय?" वहिनीने दार उघडलं. दादा, म्हणजे थोरला भाऊ, आरामखुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसला होता. एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून तो त्याच खुर्चीत बसलेला असायचा. त्याने वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलं आणि पुन्हा आत गेला.

वहिनीने चहाआधी फोन पुढे केला. पडद्यावर कमी वीज जाळणाऱ्या घराला कंपनी देते ते हिरवं पान लखलखत होतं. "गल्लीत पहिला नंबर! सलग अकरा आठवडे! समोरच्या डॉक्टरीणबाई जळून खाक झाल्यात. त्या मेल्या दुसऱ्या नंबरच्या वर येतच नाहीत." भिंतीवर चौकट होती. आत कंपनीचं पत्र, 'आदर्श घर' असं वर ठळक अक्षरात. खाली साहेबांची सही. पत्रासाठी नाव कुणी सुचवलं होतं ते मीटरमामाला विचारायची गरज नव्हती.

"आई कुठेय?"

"आहेत त्यांच्या खोलीत. आता छान सवय झालीय त्यांना. डोळ्यांना पण बरं असतं हो अंधारात."

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत नजर बसायला वेळ लागला. खिडकीबाहेर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत उभी होती. खाटेवर आई पाय खाली सोडून बसली होती. मांडीवर कापड होतं आणि हातात सुई.

"कोण आहे?"

"मी, आई."

"धाकटा? ये रे, ये. दार लोटू नकोस हं. पुढचा तेवढाच उजेड येतो."

मीटरमामाने बटण दाबलं. पिवळा बल्ब लागला आणि आई अर्धवट उठलीच. "बंद कर! अरे, बंद कर आधी!"

हॉलमध्ये फोन टिंग वाजला. पावलं आली. वहिनी दारात उभी राहिली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काय हवंय, आई?" मग तिला दीर दिसला. "अच्छा, तुम्ही लावलात होय! बोला, बोला." ती गेली.

आईला कमी ऐकू यायचं. फोनची टिंग तिच्या कानापर्यंत पोचायची नाही. "बघितलंस? हिला कसं कळतं कोण जाणे," ती हळूच म्हणाली. "दिवा लावला की ही दारात हजर. ओरडत नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं विचारते, काय हवंय. मला मेलीला उत्तरच सुचत नाही. उजेड हवाय, असं कसं सांगायचं माणसाने?"

मीटरमामा बटणाजवळच उभा राहिला. मागच्या खोलीत काही लागलं की फोन वाजावा, ही सोय त्यानेच करून दिली होती. आई उठली की तुम्हाला कळेल वहिनी, काळजी नको, असं म्हणाला होता. वहिनीने तेव्हा दोनदा विचारून नीट शिकून घेतलं होतं.

"तू पुढे बसत नाहीस? टीव्ही बघत?"

"बसले होते दोनचारदा. मी गेले की ती टीव्हीचा आवाज बंद करते. मुक्या माणसांची तोंडं हलताना किती वेळ बघायची? मग मी आपली उठते." आईने सुई कापडात खोचली. "रात्री जेवताना थोरला वाचून दाखवतो. आज मागच्या खोलीत दोन तास दहा मिनिटं. आज एक तास पाच. शाळेत मार्क वाचतात ना, तसं. पहिल्या दिवशी मला हसू आलं. नंतर घास खाली उतरेना."

"मग तू लाव ना दिवा! खुशाल लाव! काय करणार आहेत?"

"आणि तुझी नोकरी?"

"माझ्या नोकरीचा काय संबंध?"

"थोरली म्हणाली ना." वहिनीला ती थोरलीच म्हणायची. "हे यंत्र तू बसवलंस. तिकडे तुझे साहेब सगळं बघतात. स्वतःच्या आईचीच रेष वर गेली, तर म्हणतील, हा लोकांना काय शिकवणार? घरी बसवतील. बसवलंच ना निम्म्यांना?" तिने हात चाचपत त्याच्या दंडावर ठेवला. "म्हटलं, माझं काय अडतंय उजेडावाचून? पन्नास वर्षं शिंप्याकडची काजं-बटणं केली, त्यावर तुम्ही दोघं वाढलात. बटण काय डोळ्यांनी लावतात? बोटांनी लावतात. पोराची नोकरी राहू दे."

मीटरमामाने आपल्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाला हात लावला. हा सदरा आईने दीड महिन्यापूर्वी दुरुस्त करून दादाच्या हाती पाठवला होता. हात थकले तिचे, असं तो सकाळपासून लोकांना सांगत होता. हात ठणठणीत होते. जो माणूस आकड्यावरून परक्याच्या घरातला ताप ओळखायचा, त्याने स्वतःच्या आईचा अंधार पडद्यावर लावून बारा-बारा जणांच्या टाळ्या घेतल्या होत्या.

"थांब, ते यंत्रच काढतो," असं आईला सांगून तो तडक हॉलमध्ये आला. "वहिनी, आईला काय सांगितलंत तुम्ही? माझी नोकरी जाईल?"

वहिनी हसली. लाजलीबिजली नाही. "अहो भावजी, म्हाताऱ्या माणसांना काहीतरी सांगावंच लागतं. नुसतं नको म्हटलं तर ऐकतात होय? तुमच्या नावावर कशा गुपचूप ऐकतात बघा. आणि खोटं काय त्यात? तुम्हीच तिकडे सगळ्यांना ती रेष दाखवता म्हणे."

पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढून तो दाराजवळच्या पेटीपाशी गेला. चार स्क्रू. झाकण निघालं. डावीकडून तिसरा चिमटा मागच्या खोलीचा. त्याने स्वतः लावलेला, वर निळ्या पेनने 'आई' असं लिहिलेला.

वर्तमानपत्र खाली आलं नाही. त्याच्या मागून दादाचा आवाज आला, "काढायचा तर काढ. मग आईलाही घेऊन जा. आजच. माझी काही हरकत नाही."

"दादा, मी फक्त चिमटा..."

"मी पण फक्त सांगतोय. नऊ वर्षं इथे आहे ती. तुला दिव्याची एवढी कळकळ आहे, तर तुझ्या घरी लाव दिवे. आम्ही अडवलंय?"

"पान जाईल हो आमचं," वहिनी म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

मीटरमामा फोन घेऊन जिन्यात गेला. चिमटा नुसता सैल करून ठेवावा, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण चिमटा सैल झाला की डबीवर लाल दिवा लागतो, हेही त्यानेच वहिनीला शिकवलं होतं. त्याने बायकोला फोन लावला. तिकडे भांडी घासण्याचा आवाज येत होता.

"आईला आणू का गं आपल्याकडे?"

भांडी थांबली. "कायमचं?"

"हो. म्हणजे... हो."

"मी नाही म्हणणार नाही," बायको म्हणाली. "उद्या लोकांनी मलाच नावं ठेवायला नकोत. तुम्ही फक्त खाटेची जागा सांगा. मी आत्ता अंथरूण घालून ठेवते."

दीड खोलीचं घर त्याने डोळ्यांपुढे फिरवलं. इथे पोरीचं टेबल. इथे शिवणयंत्र. इथे बायकोची ट्रंक. आणि खिडकीखाली त्याचं कपाट, आत सव्वीस वर्षांच्या वह्या, शेजारी तो दुपारी पाय पसरून पडायचा ती वेताची खुर्ची. खिडकीतून दिवस मावळेपर्यंत ऊन यायचं. कपाट आणि खुर्ची काढली तर खाट आरामात बसली असती. जागा होती. खरं सांगायचं तर चांगली जागा होती.

"बघू," तो म्हणाला.

"मला वाटलंच," म्हणून बायकोने फोन ठेवला. भांड्यांचा आवाज त्याआधीच सुरू झाला होता.

तो परत पेटीपाशी आला. वहिनी चहाचे कप मांडत होती आणि दादाने वर्तमानपत्राचं पान उलटलं. मीटरमामाने झाकण उचललं, जागेवर धरलं आणि चारही स्क्रू एकेक करून घट्ट पिळले. शेवटचा जरा आडवा गेला तर तो काढून पुन्हा सरळ बसवला. हाताला कामाची चांगली सवय होती.

"चहा घेऊन जा हं," वहिनी म्हणाली.

मागच्या खोलीत दिवा तसाच चालू होता. आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती, म्हणजे बल्ब आपण लावलेला नाही हे कुणालाही दिसावं.

"काढलंस का रे?" तिने विचारलं.

"काढलं."

"आणि नोकरी?"

"नोकरी कुठे जात नाही, आई. साहेबांना विचारून काढलं."

आईचा चेहरा असा काही उजळला की त्याला भिंतीकडे बघावं लागलं. "मग आता लावला तरी हिला कळणार नाही?"

"नाही."

"थांब हं, मी लावते." ती उठली, खाटेचा आधार घेत बटणापाशी गेली. आधी तिने दिवा बंद केला. मग स्वतःच्या बोटाने पुन्हा लावला. हॉलमध्ये टिंग वाजली. मीटरमामाचे कान दारावर होते. तो आत बसलेला होता म्हणून पावलं आली नाहीत. आईने दाराकडे बघितलं, चार श्वास वाट पाहिली आणि तोंडावर हात धरून लहान मुलीसारखी हसली. "नाहीच की रे आली!"

मग तिची नजर त्याच्या सदऱ्यावर गेली. "अगं बाई! हे मी लावलंय? काढ, काढ तो सदरा. असा फिरलास दीड महिना? लोक काय म्हणाले असतील माझ्या हाताला!"

तो बनियनवर बसून राहिला. तिने बटण उसवलं, दोरा दिव्यापुढे धरून एका झटक्यात सुईत ओवला, आणि एकेक टाका मोजून घालू लागली. मधेमधे बल्बकडे बघत होती. काहीबाही बोलत होती, त्याच्या लहानपणी तो सगळ्यांच्या दारावरचे आकडे कसा वाचत सुटायचा ते. त्याला वेळ संपू नये असं वाटत होतं आणि उठून पळून जावं असंही वाटत होतं. बटण लागलं. तिने दोरा दाताने तोडला.

"आता ही बाहीची पट्टी बघ, ही पण वाकडी. ही पुढच्या खेपेला करू. लवकर येशील ना?"

"येतो, आई."

"आता तू आलास की मला तुझं तोंड दिसेल बघ. आवाजावरूनच ओळखायला लागले होते सगळ्यांना."

हॉलमधून जाताना त्याने वहिनीकडे बघितलं नाही. चहा टेबलावर निवत होता. वहिनीने फोन हातात घेतला होता आणि ती अगदी आपुलकीने म्हणाली, "सांभाळून जा हं, भावजी."

बाहेर लख्ख ऊन होतं. कोपऱ्यावरच्या बस थांब्यावर तीन बायका छत्र्या उघडून उभ्या होत्या. मीटरमामा त्यांच्या सावलीला टेकला आणि त्याने फोन काढला. मागच्या खोलीची रेष वर होती. पिवळ्या बल्बची ताठ रेष, चिमटा लावला त्या पहिल्या दिवशी होती तशी. ती थोडी पुढे सरकली. अजून थोडी सरकली. बस लांबून वळताना दिसली आणि बायकांनी छत्र्या मिटल्या.

रेष खाली आली.

तो थोडा थांबला. ती पुन्हा वर येते का, ते बघत राहिला. बस येऊन उभी राहिली, बायका चढल्या.

"चढताय का, काका?" कंडक्टरने विचारलं.

मीटरमामा पायरीवर चढला. आत जागा होती. बसता बसता, सव्वीस वर्षांच्या सवयीने, त्याच्या तोंडून मोठ्याने आकडा निघाला.

"एकतीस मिनिटं," तो म्हणाला. "एकतीस."